आईचं मत
मतदानाच्या शाईचा उग्र वास आला की मला लोकसभेच्या वेळची कोपरच्या शाळेतली ती दुपार आठवते. केंद्रावरच्या बाई यादी बघून आईला म्हणाल्या, "मावशी, तुमचं मत सकाळीच पडलंय. ही बघा सही." "अहो, मी अंगठा लावते!" म्हणत आईने कोरी बोटं पुढे केली. मग यंत्राऐवजी तिला कागदी मतपत्रिका दिली आणि तिने शिक्का मारल्यावर ती वेगळ्या पाकिटात बंद केली. "हे मोजणार ना?" आईने विचारलं. बाईंनी पाकीट बाजूला सारून पुढचं नाव पुकारलं. संध्याकाळी चाळीतल्या बायका शाईची बोटं दाखवत हसत होत्या आणि आई एकेकीचा चेहरा निरखत होती. शेजारणीने आणलेला चहाही तिने घेतला नाही. आता मी सकाळी सातलाच रांगेत उभी राहते; जरा उशीर झाला तरी शेजाऱ्यांवर संशय येऊ लागतो.