चौकातल्या फ्लेक्सवर वडिलांचं नाव

आमच्या गावच्या तरुण मंडळाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मी लावणी करते, टोपणनावाने. परवानगी देताना वडिलांनी एकच अट घातली होती, "नाच, पर तुज्या नाचाला माझं नाव लावायचं न्हाई." फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, गावात त्यांच्या शब्दाला किंमत. पोरगी काय करते, असं दूध डेअरीवर कुणी विचारलं की ते सांगायचे, साताऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. आयुष्यात एवढं एकच खोटं ते बोलले असतील, तेही माझ्यापायी. अकरा वर्षं आम्ही दोघांनी ते सांभाळलं.

सांगलीच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि मंडळाला कौतुकाचा उमाळा आला. इस्लामपूरहून एसटीने गावात उतरले, तर चौकात हा भलामोठा फ्लेक्स. नऊवारीतला, घुंगरं बांधलेला माझा फोटो. खाली ठळक अक्षरात माझं खरं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. टोपणनाव कंसात, बारीक. मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो होतेच.

अध्यक्ष शाळेत माझ्याच वर्गात होता. स्पर्धेच्या व्हिडिओत त्यानेच मला ओळखलेलं.

"कुणाला विचारून लावलास?"

"आगं, मान केला तुजा! आन् खोटं काय छापलंय? खरंच नाव हाय की."

या 'खरंच आहे की' वाल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. स्वतःला कधी काही झाकावं लागलं नाही, म्हणून दुसऱ्याचं उघडं करायला यांचे हात शिवशिवतात. कार्यक्रमात शिट्ट्या मारताना कुणाला माझं खरं नाव लागलं नव्हतं. आणि वडिलांचं नाव तर चारचौघांत वाटायचा हक्क मलाही नव्हता.

"आत्ताच्या आत्ता उतरव," मी ओरडले.

"उतरवतो. पर समद्या गावानं बघितलाय आता."

हे मात्र खरं होतं.

घरी वडील सोप्यात डेअरीवरच्या दोन मित्रांसोबत बसले होते. समोरचा चहा तसाच गार झालेला. फ्लेक्स तिघांनीही पाहिला होता, विचारायची गरजच नव्हती. मी चपला काढल्या. वडिलांनी माझ्याकडे न बघता, दोघांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"दवाखान्याला सुट्टी हाय व्हय?"

मित्र खाली बघायला लागले.

"व्हय," मी म्हणाले. "दोन दिवस."