तुसाची रेघ

केशरची भाताची गिरणी ओहोळापासून वीस पावलांवर आहे. अणशीकडून खाली येताना डाव्या हाताला लाल मातीच्या भिंतींची, पत्र्याची एक खोली लागते आणि दारापुढे मोठा फणस दिसतो, तीच ही गिरणी. केशरचं माहेर रामनगरचं. नवरा परशू गोव्याच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. गिरणी तिनंच मांडली आणि तीच चालवते. सुगीत चार वाड्यांवरचं भात तिच्याकडे येतं. ही गिरणी बंद पडली तर लोकांना पोती घेऊन रामनगर गाठावं लागतं, त्यात अख्खा दिवस जातो.

गिरणी बांधायला घेतली तेव्हा पाण्याचा विषय पहिल्यांदा तिनंच काढला. बांधणारा गुणा गवंडी हसला.

"आगं, हितं कुठलं पाणी? माझ्या जन्मात एकदाच आलंय."

"एकदा आलंय न्हवं? मग कुठवर ते सांग."

गुणानं फणसाकडं बोट केलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात एक वाळका ओंडका अडकून बसला होता. तो कुणी तिथं ठेवला नव्हता. त्या साली पाण्यानंच आणून टाकला होता आणि पुढं कुणी काढलाच नाही.

"तेवढी उंची गिरणीच्या भिंतीवर दाखव मला," केशर म्हणाली.

गवंडी पाया सपाट काढण्यासाठी लांब पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं वर धरायची. टोकं कितीही लांब असली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला थांबतं. गुणानं एक टोक ओंडक्यापाशी धरलं, दुसरं केशरनं आत भिंतीला लावलं. पाणी थांबलं ते तिच्या मांडीपर्यंत. तिथं तिनं कोळशानं खूण केली.

त्याच दिवशी तिचं ठरलं. गिऱ्हाइकांची पोती त्या खुणेच्या वर, माळ्यावर ठेवायची. पण मोटर आणि भात सडणारा हलर जमिनीत बोल्टांनी जखडलेले, ते वर नेता येत नव्हते. "उचलता येतंय ते माळ्यावर, उचलता येत न्हाई त्याचा विमा," असं तिनं परशूला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुझं तू बघ. मला घाटात धुकं दिसतंय."

रामनगरच्या विमावाल्यानं आगीचा कागद पुढं केला. "गिरणीला आगच लागते, अक्का. पुराचा कशाला?"

"ओहोळ माझ्या दारात हाय, तुमच्या न्हाई. पूर कागदावर लिवलेला हाय का, तेवढं वाचून दाखवा."

त्यानं वाचलं. त्या कागदात पूर नव्हता. मग दुसरा कागद काढावा लागला. केशरनं तो ओळ न् ओळ वाचून घेतला. नुकसान झालं की लगेच कळवायचं, आणि कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत काही हलवायचं नाही, ही अट तिनं दोनदा विचारून घेतली. पण ती तिनं फक्त स्वतःच्या डोक्यात ठेवली, घरात कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या वर्षी, गणेशचवथीला चार दिवस असताना, ओहोळ गिरणीत शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. माळ्यावरच्या पोत्यांना थेंबही लागला नव्हता. खाली मात्र घोट्याएवढा गाळ होता आणि मोटर त्यात बसली होती. दोन दिवस वीज नव्हती, फोनमध्ये जेमतेम एका कॉलपुरता जीव उरला होता. फोटो काढले असते तर तोही संपला असता. केशरनं दाराला कडी लावली आणि कंपनीला कळवायला फोन घेऊन टेकडीवर चढली, कारण रेंज तिथंच मिळते. जाऊन यायला दुपार झाली.

परत आली तेव्हा गिरणीसमोर पंधरा माणसं हसतखिदळत बसली होती. धाकटा दीर महाबळेश्वर पुढं आला, त्याचे हात कोपरापर्यंत लाल मातीनं माखलेले.

"वैनी, डोळे मिटा. हं, आता बघा!"

आत गाळाचा कणही नव्हता. जमीन शेणानं सारवलेली, भिंती तांबड्या मातीनं नव्यानं लिंपलेल्या. मोटरही सोडवून, धुऊन, उन्हात ठेवलेली. चवथीच्या तोंडावर कुणाच्या घरात गाळ राहू द्यायचा नाही, ही इथली रीत. बोलावणं न पाठवता अख्खा वाडा खराटे घेऊन येतो. आजही तसाच आला होता.

केशर उंबऱ्यावर बसली. "भावजी, पाण्याची खूण पण धुतलीसा?"

"धुतली म्हंजे? घासघासून!"

तिनं अट सांगितली, तसा महाबळेश्वरचा चेहरा उतरला. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "याला कदी घर झाडाय सांगितलं तर सापडत न्हाई. आजच बरा हुरूप आला!" केशरलाच हसू फुटलं. "असू दे. पाणी आलंय ते खरं हाय. खरं असलं की कुठंतरी राहातंयच," ती म्हणाली आणि सगळ्यांना चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सागर नावाचा तरुण पाहणीदार आला. दारातच थांबला.

"पूर इथं आला होता?"

"व्हय."

"अक्का, ही जागा लग्नघरासारखी दिसते. मोटर बिघडली हे दिसतंय. पण पाण्यानं बिघडली, आणि पाणी किती होतं, हे मला लिहावं लागतं. कशावरून लिहू?"

महाबळेश्वर मध्येच बोलला, "साहेब, चूक माझी हाय. माझं नाव लिवा."

"तुमच्या नावाचा रकाना नाही हो यात."

केशर हलरच्या मागं गेली. तिथं मोटरवरून हलरला फिरवणाऱ्या पट्ट्यावर पत्र्याचं बंद झाकण असतं. ते चार बोल्टांचं, खराट्याच्या वाटेला न येणारं. ती रोज त्या झाकणाआड तेल घालते. तिनं पाना घेतला आणि झाकण काढून आतली बाजू उजेडाकडं फिरवली.

पत्र्यावर पिवळसर, सुतानं मारावी तशी आडवी रेघ होती. भाताचं तूस पाण्यावर तरंगतं. पाणी जिथं सगळ्यात वर जाऊन थांबलं, तिथं तूस पत्र्याला चिकटलं आणि पाणी उतरल्यावर तिथंच वाळलं. रेघेखाली गाळाचा पातळ थर होता. वर पत्रा स्वच्छ.

सागरनं वाकून बघितलं. "हे पट्ट्यामुळं उडालेलं तूस नाही कशावरून?"

"उडालेलं सगळीकडं लागंल. रेघंत न्हाई उभं राहायचं," केशर म्हणाली. "तरी पटत नसंल तर भायेर चला." दारात जमलेल्यांत गुणा गवंडी होता, त्याच्याकडं ती वळली. "गुणाकाका, नळी आण."

फणसाच्या बुंध्यावर कालच्या गाळाची कड ताजी होती, बेचक्यातल्या जुन्या ओंडक्याच्या वीतभर खाली. आतल्या रेघेची उंची झाकणाच्या बाहेरच्या बाजूला कोळशानं आखून ते परत जागेवर बसवलं. नळीचं एक टोक महाबळेश्वरनं झाडावरच्या कडेला धरलं, दुसरं सागरनं स्वतः झाकणाला लावलं. नळीतलं पाणी हलत हलत थांबलं, बरोबर तुसाच्या रेघेच्या उंचीवर.

"भावजी, हात हलवू नगा," केशर ओरडली. "आयुष्यात एकदा सरळ उभं राहा!"

सागरनं मोजलं, फोटो काढले आणि पुन्हा मोजलं. "आता लिहितो," तो म्हणाला.

पैसे सगळे मिळाले नाहीत. नुकसानीचा पहिला वाटा आपणच सोसायचा, हे कागदावर होतं आणि केशरला माहीत होतं. उरलेल्या पैशांत मोटरमधली तांब्याची तार नव्यानं भरून आली. नव्या सुगीची पहिली पोती यायच्या आठ दिवस आधी गिरणीचा आवाज परत ओहोळापलीकडं ऐकू जाऊ लागला.

त्या सुगीनंतर गुणाच्या नळीला उसंत राहिली नाही. लोक ती मागून नेतात, फणसाच्या ओंडक्यापासून आपल्या घराची उंची काढतात आणि कोळशानं खूण करतात. पोती कुठं ठेवायची आणि विमा कशाचा काढायचा, हे विचारायला केशरकडं येतात.

यंदाही चवथीआधी महाबळेश्वर गिरणीच्या भिंती लिंपायला आला. कोपऱ्यापाशी आल्यावर त्यानं हात थांबवला. जमिनीपासून केशरनं पुन्हा काढलेल्या कोळशाच्या खुणेपर्यंत हातभर रुंदीची पट्टी त्यानं कोरडी सोडली.

"वैनी, एवढी सोडतो. पाण्याला लिवाय जागा पायजे."

"सोडा," केशर म्हणाली, आणि पट्टा चढवून तिनं बटण दाबलं.