मोठ्या बाईंचा पाचवा भाग

खोटं बोलणाऱ्या माणसांचा राग सगळ्यांनाच येतो. पण बोलणाऱ्या कासवाचा राग येणारी बाई अख्ख्या मावळात एकच होती, आणि माझ्या नशिबाने ती आमची मुख्याध्यापिका होती. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी नवखी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं झाली होती. त्या मोठ्या बाई, म्हणून ओघानेच मी धाकट्या बाई. गणित हा त्यांचा विषय नव्हता, स्वभाव होता. आषाढात धुकं खिडकीतून थेट वर्गात शिरे आणि मागच्या बाकांवरच्या मुली दिसेनाशा होत. बाई मग आवाजावरून हजेरी घेत, आणि कोणी खिडकीकडे बघत बसलीच तर शांतपणे म्हणत, "धुक्याचं नाव पटावर नाही, त्याच्याकडे लक्ष नको." एकदा मी सोन्याच्या लंकेचा धडा रंगवून शिकवत होते. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "एका विटेचं वजन किती धरलंत?" मी काहीच धरलं नव्हतं. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

गोष्टींच्या पुस्तकांशी त्यांचं हाडवैर. "खोटं ते खोटंच, छापलं म्हणून खरं होत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बाकाखाली सापडलेलं पुस्तक जप्त होऊन कपाटात जाई. गजगे, बांगड्यांच्या काचा, कागदाच्या बाहुल्या यांच्या शेजारी तेही कागदात गुंडाळलं जाई आणि वर चिठ्ठी लागे: मुलीचं नाव, इयत्ता, तास कितवा. पालकांनी अर्ज केल्यास वस्तू परत मिळेल, असा नियम होता. पण अर्ज बाईंसमोर उभं राहून द्यावा लागे, त्यामुळे इतक्या वर्षांत एकही आला नाही.

त्या निवृत्त व्हायच्या होत्या तेव्हा या कपाटाचा ताबा मला द्यायचा होता. दुसरी कोणी असती तर किल्ली हातात ठेवून मोकळी झाली असती. बाईंनी वस्तू, वर्णन आणि शेरा असे रकाने आखून यादी करायला घेतली. कपाटातून एकाच मुलीकडून घेतलेले एका अद्भुतकथेचे चार भाग निघाले. धबधब्यामागच्या राज्यातल्या राजाची सावली चोरीला जाते आणि कुंभाराची पोर ती शोधायला निघते, अशी ती लहान मुलांसाठी लिहिलेली गोष्ट. "वाचल्याशिवाय वर्णन कसं लिहू?" असं म्हणून बाई पंचावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं गोष्टीचं पुस्तक उघडून बसल्या. ती यादी अजून माझ्याकडे आहे. पहिल्या भागापुढे शेरा आहे, "असत्य." दुसऱ्यापुढे, "असत्य, परंतु भाषा शुद्ध." तिसऱ्यापुढे, "राजाचा निवाडा अन्यायाचा." चौथ्यापुढचा रकाना कोरा आहे.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत पाच मिनिटं उशिरा आल्या आणि आल्याआल्या मला विचारू लागल्या, "पाचवा भाग कुठे मिळेल?" चौथ्याच्या शेवटी कुंभाराची पोर सावली घेऊन पळत येते आणि राक्षसाच्या गुहेचा दगडी दरवाजा लागायला लागतो. पुढे कोरं पान. बाईंनी प्रकाशकाला पत्र घातलं, ते न पोचता परत आलं. तीन रविवार पुण्याची दुकानं पालथी घातली. शेवटी उरली ती चिठ्ठीवरची मुलगी. मामाकडे राहून शिकायची, पुस्तकं जप्त झाली त्याच वर्षी शाळा सुटून सोमाटण्याला सून म्हणून गेली होती. जिच्या हातून पुस्तक ओढून घेतलं, जिला तासभर उभं केलं, तिच्यापुढेच हात पसरायचा म्हणून बाई आठवडाभर घुटमळल्या. मग मला म्हणाल्या, "वस्तू मालकिणीला परत करायला जाऊ." चारी भाग पिशवीत घालून आम्ही तळेगावपर्यंत आगगाडीने आणि पुढे टांग्याने गेलो.

ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. बाईंना बघून धडपडत उभी राहिली. बाईंनी पुस्तकं पुढे केली आणि खाली बघत विचारलं, "पाचव्या भागात काय होतं, ते तू वाचलं होतंस का?"

"पाचवा कुटला, बाई?" ती म्हणाली. "चौथाच अर्धा ऱ्हायला माजा. लय वर्सं झाली, पण मनातनं जात न्हाई. पुढं काय झालं त्या पोरीचं?"

मी बाईंना इतकं खजील झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या मातीतच बसल्या, चौथ्या भागात मुलीने दुमडून ठेवलेलं पान उघडलं आणि वाचू लागल्या. राक्षसासाठी त्यांनी घोगरा आवाजसुद्धा काढला. वाचता वाचता दरवाज्यापाशी आल्या तेव्हा मुलीचे हात थांबले होते.

"आता?"

बाईंनी काडीने अंगणात दरवाजा काढला. उंची, जाडी, दगडाचं वजन मांडलं, बराच वेळ गुणाकार केले आणि म्हणाल्या, "एवढा दगड उंबरठ्यावर घासणार. पुरता लागूच शकत नाही. वीतभर फट राहते."

"पोर तेवढ्यातनं कशी यील?"

"आडवी होऊन. लहान आहे ती."

"आन् सावली?"

"सावलीला जाडी नसते," बाई म्हणाल्या.

पुढची तीन-चार वर्षं, अंगात त्राण होतं तोवर, बाई महिन्यातून एकदा सोमाटण्याला जात राहिल्या. दोघींनी मिळून पुढचं सगळं रचलं, आणि तिच्या पोरींनी ते ऐकलं.

बाई गेल्यानंतर पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अचानक पाचवा भाग मिळाला. मी तो उभ्याउभ्याच वाचला आणि सोमाटण्याला घेऊन गेले. तिने हात पुसून पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं.

"दार लागतं का ह्यात?"

"लागतं. ती आतच राहते."

तिने पुस्तक न उघडताच माझ्या हातात परत दिलं. "मग लिवणाऱ्यानं हिशेब केला नसंल," ती म्हणाली. "बाईंनी केलता."

मला बाईंची फार आठवण आली. त्यांचा गुणाकार कधी चुकत नसे, एवढंच मी तिला सांगू शकले.