काटेफळाचा पाला

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात.

लग्न होऊन मी नेरजवळच्या या गावात आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंना दमा होता. थंडी पडली की त्यांना पाठ टेकून झोपता येत नसे. घरात त्यावर एकच उपाय चालायचा. धोतऱ्याची वाळलेली पानं खापरात निखाऱ्यावर टाकायची आणि डोक्यावरून पदर घेऊन धूर ओढायचा. थोड्या वेळात छातीतली शिट्टी बसायची. पानं तोडून सावलीत वाळवायचं काम माझ्याकडे होतं.

धोतरा हा शब्द मी इथे लिहिला, पण आमच्या घरात बायका तो उच्चारत नाहीत. माझ्या आजेसासऱ्यांच्या, म्हणजे मोठ्या बुवांच्या, आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून त्यांच्या आईनं मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं, तेही याच झाडाचं. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणून सासूबाई झाडाला काटेफळ म्हणायच्या आणि मीही तेच शिकले.

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. एका सकाळी पानं तोडताना डोळ्यात कचरा गेला आणि मी त्याच बोटानं डोळा चोळला. संध्याकाळी सुईत दोरा ओवता येईना. दुसऱ्या दिवशी उन्हात डावा डोळा उघडवेना. सासूबाईंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे फिरवलं.

"अवं, ह्या डोळ्याची बाहुली पाह्य कशी झाली! बोरायेवढी!"

"काटेफळाचा पाला लागला असंल," मी म्हटलं.

"पाल्यानं कोणाचा डोळा जाते? मी वीस वर्सं झाली त्याचा धूर घेऊन राह्यली. तुह्या मायबापानंच डोळा लपवून पोरगी देल्ली आमाले. डाक्टरनं खराब म्हणलं, तर गाडी जुंपून माहेरी पोचवतो, सांगून ठेवतो."

ते त्या खरंच करतील हे मला ठाऊक होतं. शेजारच्या गावात एक सून अशीच परत गेली होती.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बायकांची तपासणी चालू असताना पुरुषांना आत सोडत नव्हते. यांना बाहेर थांबावं लागलं. आत मी आणि सासूबाई. डॉक्टर दुसऱ्या मुलखातले होते.

"डोळ्यात काही गेलं होतं?"

मी खाली पाहत म्हटलं, "काटेफळ."

"काटा लागला?"

"काटा नाही जी," सासूबाई म्हणाल्या. "काटेफळाचा पाला."

"ते कोणतं झाड?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"उकिरड्यावर येते," सासूबाई म्हणाल्या.

"उकिरड्यावर शंभर झाडं येतात, बाई."

त्यांनी तो विषय सोडला. मार लागलेला नसताना एकच बाहुली मोठी होते, म्हणजे डोक्यात काही दोष असू शकतो, नागपूरला दाखवा, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर सासूबाईंनी यांना एवढंच सांगितलं, "डोक्यात दोष हाय म्हणते." पाल्याचं कोणी काढलंच नाही.

नागपूरसाठी घरात पैसे नव्हते. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या नायकाच्या बायकोनं पंचेचाळीस रुपये उसने दिले. कशाला हवेत हेही तिनं विचारलं नाही.

सासूबाईंचा दमा उसळला होता, म्हणून नागपूरला आम्ही दोघंच गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला. काही वेळानं चांगल्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली, डावी मात्र हलली नाही. ते म्हणाले, "हा रोग नाही, हे औषध आहे. घरात दम्यासाठी कोणी पानं जाळतं का?"

"हो जी," हे लगेच म्हणाले, "माय धोतऱ्याचा धूर घेते. पाला हीच तोडते."

डॉक्टर हसले. डोळा आतून पाहायचा तर तेही औषध टाकून बाहुली मोठी करतात, आणि ते धोतऱ्याच्याच भावकीतल्या झाडातून काढतात, असं त्यांनी सांगितलं. छातीतल्या नळ्याही त्यानं रुंद होतात, म्हणून आईला आराम पडतो. पण माप चुकलं तर माणूस बरळतो, म्हणून धूर बंद करा आणि या गोळ्या द्या, असंही बजावलं. माझा डोळा आठवड्याभरात आपोआप नीट होणार होता.

परतीच्या बसमध्ये यांनी विचारलं, "यवतमाळले काहून नाही सांगतलं वं?"

"सांगतलं न जी. काटेफळ म्हणून."

"काटेफळ! ते आपल्या घरातलं नाव, डाक्टरले कसं कळंन?"

"मंग मोठ्या बुवाचं नाव घेऊ काय?"

कळंबला बस थांबली. तसे हे एकदम हसायला लागले. "बुवाचं नाव पंचेचाळीस रुपयाले पडलं."

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तोंड त मलेही होतं," एवढंच म्हणाल्या. माहेरी पोचवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. गोळीनं हात कापतात, छाती धडधडते, अशी कुरकुर केली, पण श्वास मोकळा झाल्यावर महिनाभरात त्या माझ्याबरोबर वेचणीला येऊ लागल्या. चूक दोघींची, तेव्हा पैसेही दोघींनीच फेडायचे, मुलाकडून घ्यायचे नाहीत, असं त्यांनीच ठरवलं.

आम्ही लोकांच्या शेतात कापूस वेचला. मिळेल तसे दोन रुपये, कधी तीन, तांड्यावर नेऊन दिले. मधेच आणे जाऊन नवे पैसे आले. नायकीण म्हणायची, "हे बारके पैसे माह्याच्यानं मोजणं नाही होत, रुपया झाला की आण." तिसऱ्या वर्षीच्या वेचणीनंतर आम्ही उरलेले चार रुपये तिच्या हातावर ठेवले. तिनं ते दोनदा मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "फिटले."