थंड इंजिनाचा पाव फेरा

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर, २०१६ च्या जुलैतल्या (इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा) तिसऱ्या गुरुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. अख्ख्या हिल्सबरोत त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस नव्हता, हे मी लेखी द्यायला तयार आहे. लेखी द्यायची मला सवयच आहे. बस वाढवा, गाड्या कमी करा, अशी पत्रकं मी त्या वर्षी ढिगानं वाटली. असल्या मुलीवर एका गाडीवाल्याची बाजू घ्यायची वेळ आली, यावरून काय ते समजा.

काका मूळचे पुण्याचे, पेशानं इंजिनीअर. त्यांच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. दिवसभर ते अल्बनीच्या ऑफिसात पंपांची ड्रॉइंग्ज काढायचे, पण त्यांचं खरं आयुष्य घडायचं सकाळी सहा ते सव्वासहा. ऑफिसला न्यायला एक मुकाट जपानी गाडी होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत. जीव होता तो दुसरीवर. ती जुनी ब्रिटिश, कार्ब्युरेटरवाली, काकांहून थोडीच लहान. असली गाडी थंडीत सुरू करायची तर चोक ओढावा लागतो, आणि गचके खाऊन बंद पडू नये म्हणून पहिली काही मिनिटं इंजिन जरा जोरात फिरत ठेवावं लागतं. किती जोरात, ते करंगळीच्या नखाएवढा एक स्क्रू ठरवतो. अडचण अशी, की इंजिन तापलं की त्या स्क्रूचं काही कळत नाही. म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. काका रोज पाव फेरा फिरवायचे, वहीत लिहायचे आणि निकालासाठी चोवीस तास थांबायचे. असे दोन हिवाळे! इतका धीर आमच्या मोर्च्यांनाही नसतो.

माकडटोपी, लोकरी गाऊन आणि मोज्यांवर जँडल्स (इथल्या रबरी चपला), असा अवतार करून ते बॉनेटखाली वाकलेले असत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. आम्ही सगळे कुडकुडत असताना ते खुशीत म्हणायचे, "आज पाच डिग्री! सुंदर!" उन्हाळ्यात मात्र उदास असायचे, कारण संशोधन बंद. एकदा मला हाक मारून म्हणाले, "ऐक. धापा टाकतेय का ही?"

"मला सगळ्या गाड्या सारख्याच वाटतात, काका."

"म्हणून तू बसने जातेस," ते म्हणाले. रागावून नाही, निदान सांगावं तसं.

त्यांचा चुलतभाऊ पुण्याहून आला होता. दादाला मदत म्हणून तो पहाटे उठला आणि त्यानं काकांच्या आधी गाडी सुरू करून, चांगली तापवून ठेवली. काकांनी वही उघडली. वहीत त्या तारखेपुढे फक्त एक शब्द आहे: "पाहुणे".

काकू नर्स. रात्रपाळी संपवून सात वाजता हॉस्पिटलच्या दाराशी उभ्या राहायच्या, आणि काका त्यांना आणायला जायचे ते याच गाडीतून. "रात्रभर लोकांच्या नाड्या बघून यायचं," काकू सांगायच्या, "आणि मी पट्टा लावायच्या आत हे विचारणार, काही फरक जाणवतोय का गं?" त्या म्हणायच्या, हो, आज जरा मवाळ वाटतेय. तेवढ्यावर काका घरापर्यंत फुललेले असत. काकूंना खरंच काही जाणवायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

तर तो गुरुवार. मी बससाठी निघाले होते. गाडी सुरू झाली, आणि पहिल्यांदाच ना धापा, ना गचका. एका लयीत राहिली. काकांनी बोट वर करून मला थांबवलं. डोळे मिटले. तेवढ्यात समोरच्या युनिटमधल्या फार्मासिस्टनं घाईघाईत एक कागद त्यांच्या हातात दिला. "सॉरी हं, पण सगळ्यांच्या सह्या झाल्यात." सामायिक ड्राइव्हवेत कुठलीही गाडी इंजिन चालू ठेवून उभी करू नये, असा तो अर्ज. खाली स्टेपल केलेलं माझं पत्रक. सह्या पाच. दुसरी माझी.

आठवड्यापूर्वी लेटरबॉक्सपाशी त्यानं तो पुढे केला होता. मला वाटलं, कुरिअरच्या व्हॅनसाठी असेल. वाचला नाही. मी दारोदार सह्या मागत फिरणारी. कुणी सही मागितली की माझा हात आपोआप पुढे होतो. आमच्यात न वाचता सही करणं हाच बंधुभाव समजतात. आणि ते पत्रक तर मी शाळांबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी लिहिलं होतं!

काकांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले.

"काका, ते तुमच्याबद्दल नव्हतं!"

"पत्रकात 'कुठलंही इंजिन' असं लिहिलंयस. चांगलं लिहिलंयस."

संध्याकाळी मी चारही घरांची दारं वाजवली. फार्मासिस्ट म्हणाला, "अगं, त्रास कुठे होता? उलट त्या आवाजानं मला जाग यायची. तुझं पत्रक हातात पडलं, पटलं. वाटलं, आपणही काहीतरी करावं." बाकीच्यांनी माझी सही बघून सही केली होती. शेजारची गोरी आजी म्हणालीसुद्धा, "बट यू साइन्ड इट, डिअर." रात्रीच्या जेवणाआधी तो अर्ज फाटला. मी तुकडे नेऊन काकांना दाखवले.

"कागद फाडल्यानं धूर कमी होतो का?" त्यांनी विचारलं. मी तुकडे पुन्हा खिशात घातले.

ऑगस्टमध्ये पापाकुरा उपनगरातला एक माणूस ती जुनी गाडी विकत घेऊन गेला. काकांनी त्याला वहीही दिली, आणि मराठीतल्या नोंदी समजावत बराच वेळ ड्राइव्हवेत उभे राहिले. आता काकू त्या मुकाट जपानी गाडीतून घरी येतात. परवा बॅग ठेवता ठेवता म्हणाल्या, "हल्ली काही विचारत नाहीत गं. मग मीही खिडकीबाहेर बघत बसते."

मुद्दा आजही बरोबरच आहे. म्हणून एवढंच मागते. तुमच्या दाराशी कागद येईल, आणलेला माणूस चांगला असेल, मजकूर पटेल. पेनाचं टोपण काढण्याआधी त्याला विचारा, हा कागद शेवटी कुणाच्या हातात पडणार आहे. त्याला नाव सांगता आलं नाही, तर सही करू नका. कागद मी आणला असला, तरीही.