नमस्कारातली वीज

चार महिने मी मारियम्मेपुढे मान झुकवली नाही. देवळात जायचो, हात जोडायचो, पण डोळे उघडे आणि मान ताठ. देवीचा भक्त म्हणवणाऱ्याने असं लिहू नये, हे मला कळतं. पण लिहायचंच ठरवलंय तर खरं लिहावं. मराठीत लिहितोय त्याचंही खरं कारण सांगतो. तंजावूरच्या आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलोय. वडिलांनी माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतली होती. बायको-मुलं घरात मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ. म्हणजे हे कागद जेवणाच्या टेबलावर पडून राहिले तरी माझं गुपित उघडं पडायचं नाही.

सुरुवात आमच्या देवघरापुढे झाली. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे. सकाळी निघताना नेहमीसारखा वाकलो, तर मानेपासून कमरेपर्यंत आणि तिथून दोन्ही पायांत वीज उतरली. दुखलं नाही. झिणझिणत गेली आणि मान वर करताच थांबली. पुन्हा वाकलो, पुन्हा आली. मला काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. वाटलं, इतक्या वर्षांनी देवीने दखल घेतली. त्या सकाळी मी उगाचच पाच-सहा नमस्कार जास्त घातले. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “कृपा झाली असेल तर छानच. कॉफी निवतेय.”

पंधरा दिवसांत तळपाय बधिर झाले. पायाखाली कायम घडी घातलेलं धोतर असावं तसं वाटे. बसस्टँडवर मागून कुणीतरी “सार, चप्पल” म्हणून हाक मारली. वळून पाहिलं तर माझी उजवी चप्पल दहा पावलं मागे पडलेली. शर्टाच्या बटणांवर बोटं चुकू लागली. कृपा अशी चप्पल काढून घेत नाही, एवढं मला कळलं. आणि या आजाराचं नाव मला कुठे शोधावं लागलं नाही. ते आमच्या घरात आधीच होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला, कमूला, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. कधी डोळा जातो आणि परत येतो, कधी पाय जातो आणि पुरता परत येत नाही. ती आता तिरुवैयारूत राहते, काठी घेऊन चालते, मुलींना गाणं शिकवते. पण ती चोविशीची असताना हे नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलंही नव्हतं. तेव्हा ती मला म्हणाली होती, “अण्णा, मान वाकवली की पाठीतून वीज जाते.” मी म्हणालो होतो, “नाटक बंद कर.”

त्याच दिवसांत तिला बघायला मंडळी आली. वडील गेले होते, घरातला कर्ता मीच. कॉफी झाली, गाणं झालं, आणि मी तिला मोठ्यांच्या पाया पडायला सांगितलं. ती नुसती उभी राहिली. सगळे बघत होते. मी उठलो आणि तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि ती तिथेच गुडघ्यांवर बसली. पाहुणे उठून गेले. दोन वर्षांनी चेन्नईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्या संध्याकाळबद्दल तिने कधी विचारलं नाही, मी कधी बोललो नाही. बावीस वर्षं आम्ही सणावारी भेटत राहिलो, पानात काय वाढू एवढंच बोलत राहिलो.

तीच वीज. तिला आली तेव्हा नाटक, मला आली तेव्हा कृपा.

बायको डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली. मी बधलो नाही. तपासणीत तेच नाव निघालं तर कमूला सांगावं लागेल, आणि ते सांगताना बाकीचंही. भीती होतीच, पण भीतीहून जास्त राग होता. मनातल्या मनात मी देवीला म्हणायचो, शिक्षा करायची होती तर त्या संध्याकाळी माझा हात लुळा करायचास. कमूचं तेवढं वाचलं असतं. आता माझी मान मागू नकोस, मी देणार नाही.

चैत्रातल्या एका रविवारी भर दुपारी मी शहराबाहेरच्या मारियम्मेकडे गेलो, ते भांडायलाच. ही देवी मातीची आहे, उन्हाळ्यात तिच्या चेहऱ्यावर घाम येतो असं लोक सांगतात. मी तिच्याकडे रोखून पाहत उभा राहिलो. वाकणार नाही, काय करायचं ते कर, असं पुन्हा एकदा सांगून टाकलं आणि प्रदक्षिणेला निघालो. अंगणातल्या फरशा तव्यासारख्या तापल्या होत्या. काथ्याच्या पट्ट्यांवरून माणसं उड्या मारत पळत होती. मी पट्टा सोडून, सावकाश, दगडावरून चाललो होतो.

पट्ट्यांवर पाणी मारणारी एक बाई मला बघत होती. तमिळमध्ये म्हणाली, “निखाऱ्यांवरून चालायचा उत्सव अजून लांब आहे सार. आत्तापासून सराव कशाला?” मी हसलो नाही. मग तिची नजर खाली गेली आणि तिचा आवाज बदलला. “सार, पाय बघा.”

दोन्ही तळव्यांना फोड आले होते. एक फुटलाही होता. मला काही कळलं नव्हतं.

तिने मला सावलीत बसवलं आणि पायांवर घागर ओतू लागली. “लागत नाही?”

“नाही.”

“घरात आणखी कुणाला असं आहे?”

आणि जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बाईला सांगितलं. बहिणीच्या दुखण्याला नाटक म्हणालो ते, मग ते पाहुणे, माझा हात, सगळं. ती ऐकत होती आणि पाणी ओतत होती. शेवटी घागर खाली ठेवून म्हणाली, “मग तुम्ही चुकीच्या देवळात आलात सार. ही अम्मा कुठे पळून जात नाही. बहिणीकडे जा.”

पुढे एकदा तिचे आभार मानायला गेलो, तर तिने मला ओळखलंच नाही. “रोज कितीतरी पाय बघते,” म्हणाली. देवीने तिला पाठवलं होतं की तिची त्या दिवशी पाण्याची पाळी होती, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पायाला पट्ट्या बांधून मी त्याच आठवड्यात तिरुवैयारूच्या बसमध्ये बसलो.

तंजावूरहून तिथे जाताना वाटेत पाच नद्या लागतात. कमू दारातच उभी होती. “पाच नद्या ओलांडून आलास, म्हणजे काहीतरी मोठं असणार.” मी वीज, तळपाय, बटणं, सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल. ती काठीवर रेलली आणि म्हणाली, “थोरला म्हणून सगळं आधी तुलाच मिळायचं. हे एक माझं होतं. तेही पाहिजे?”

मग तिने माझी उलटतपासणी घेतली. “शुगरची गोळी किती वर्षं घेतोस?”

“बारा.”

“बी-ट्वेल्व्ह कधी तपासलंस?”

“ते काय?”

“अय्यो, अण्णा. त्या गोळीने ते कमी होतं, आणि कमी झालं तरी अशीच वीज जाते. मणक्यानेही जाते. माझ्या वेळी डॉक्टरांनी आधी हे सगळं बघितलं होतं. तू घरी बसून नाव ठरवलंस. उद्या जायचं. नाही गेलास तर मी काठी घेऊन येईन.”

मी म्हणालो, “कमू, त्या संध्याकाळी...”

“आज नको.” तिचा आवाज चढला नाही. “आज तू घाबरलायस. आजची माफी भीतीची. रिपोर्ट येऊ दे, काहीही येऊ दे. तेव्हा ये.”

एमआरआयच्या नळीत डोकं न हलवता पडायचं असतं. वर ठकठक चालू होती आणि मी देवीशी बोलत होतो. मागणं काही नव्हतं. म्हणालो, नाव कुठलंही निघो, मी कमूकडे जाणार आहे. आता मला तू घाबरवू शकत नाहीस. हे देवीच्या स्वाधीन होणं होतं की तिला दिलेलं आव्हान, मला आजही सांगता येत नाही. पण चार महिन्यांत पहिल्यांदा आतून हलकं वाटलं.

ते नाव निघालं नाही. मेंदू आणि मणका स्वच्छ होते. रक्तातलं बी-ट्वेल्व्ह मात्र तळाला गेलं होतं. “इतका उशीर का केलात?” डॉक्टरांनी विचारलं. इंजेक्शनं सुरू झाली. वीज हळूहळू ओसरली, बटणं लागू लागली. डावा तळवा अजून बधिर आहे, कदाचित तसाच राहील. कमूचा आजार मात्र कुठल्या इंजेक्शनने गेला नाही. मी सुटलो आणि ती नाही, यात न्याय शोधायचं मी सोडून दिलंय.

हे सगळं लिहून काढलं आणि गेल्या शुक्रवारी तिरुवैयारूला नेलं. कमूला देवनागरी येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. माफी मागायला मला जमेल असा हा एकच रस्ता होता. पाहुण्यांच्या जागी पोचलो तेव्हा तिने हात वर केला.

“ते वाक्य पुन्हा वाच.”

मी वाचलं. तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं.

“ठेवून नव्हे. दाबून. दाबून लिही.”

मी वरचं वाक्य खोडलेलं नाही. बावीस वर्षं मी स्वतःला ते कसं सांगत आलो, ते तसंच दिसू दे. पण खरं हे आहे: मी तिची मान दाबली. जोरात दाबली.

“दाबली,” मी मोठ्याने म्हणालो, आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. थोरल्या भावाने असं करायचं नसतं. तिने अडवलं नाही. मग माझ्या मानेवर तिची बोटं आली, अगदी हलकी.

“हे ठेवणं,” ती म्हणाली.

वीज आली नाही. आली असती तरी मी मान वर केली नसती. मारियम्मे, माझी मान तुला हवी होती ना? ती कमूच्या पायांशी आहे. तिथून घे.