रिकाम्या सॅनेटोरियममधल्या खुर्च्या

बाथरूममध्ये घसरले आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या गोळ्या तपासायचं माझं काम, दिवसभर उभ्याने. ती सवय असलेल्या बाईला एका जागी बसवलं की काय होतं ते त्या दिवसांत कळलं. पंखा नको वाटायचा, बंद केला की घाम नको वाटायचा. पुस्तकाचं तेच पान चारदा वाचायचे.

शेवटी धाकटी बहीण वैतागली. "ताई, सगळ्यांचं डोकं खाऊ नकोस, हे खेळ," म्हणत तिने लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला.

गेममध्ये डोंगरावरचं एक ओसाड सॅनेटोरियम होतं. धुकं, लांबलचक व्हरांडे, ओळीने लोखंडी खाटा. शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. नुसतं चालायचं, दारं ढकलायची, कपाटांतल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि इथली माणसं गेली कुठे ते शोधायचं. कुठेतरी नळ ठिबकत असायचा. पहिल्या दुपारी मी दहा मिनिटांत लॅपटॉप मिटला. अर्ध्या तासाने पुन्हा उघडला.

बाबा माझ्याकडेच राहतात. गोरेगावच्या स्टुडिओत त्यांनी सेट रंगवण्यात हयात घालवली. रिटायर झाल्यापासून ते खिडकी आणि टीव्ही यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायचे. आई गेल्यावर आमचं बोलणं चहा आणि औषधं यांपुरतं उरलं होतं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"थांब," ते म्हणाले. "ती खुर्ची मघाशी खिडकीकडे तोंड करून होती."

"कुठली?"

"हिरवी. आता दाराकडे बघतेय."

मी मागे गेले, पुन्हा त्या खोलीत शिरले. खुर्ची आणखी वळलेली. मी लॅपटॉप मिटायला गेले. बाबांनी मात्र स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. सेटवर दोन शॉटच्या मध्ये कप जरी हलला तरी तो त्यांना दिसायचा; ती नजर इतकी वर्षं रिकामी पडली होती.

मग रोज दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं त्या इमारतीत. बटणं मी दाबायची, वाट त्यांनी सांगायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते नकाशा काढायचे. "ही भिंत खोटी आहे बघ, डाग एकसारखे आलेत," म्हणायचे, आणि भिंत खरंच सरकायची. मला भीती वाटायची, त्यांना हुरूप यायचा. पण लॅपटॉप मिटल्यावर चैन दोघांनाही पडायचं नाही.

पाचव्या आठवड्यात एके दिवशी बाबा दूध आणायला म्हणून सकाळी दहाला गेले ते परतलेच नाहीत. फोन घरीच राहिलेला. एक वाजला, दोन वाजले. मी कुबड्या घेऊन खिडकीपाशी, दाराशी, पुन्हा खिडकीपाशी. बहिणीला कामावरून बोलावून घेतलं. ती पोलिसांत जायला निघाली, तेवढ्यात बाबा आले. चप्पल चिखलाने माखलेली, हातात दूध नाही.

"बाबा, कुठे होता तुम्ही? वाट लागली आमची इथे!"

"अगं, गोराईच्या खाडीपर्यंत गेलो होतो." ते खाली बसले. "एवढी वर्षं बोरिवलीत राहतोय, पण स्टेशनचा रस्ता सोडून कधी वळलो नाही. आज एक बोळ दिसला. आत ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण आहे. लाकडी जिने, प्रत्येक वळणावर क्रूस. एका म्हाताऱ्या बाईने ओसरीवर बसवून पाणी दिलं. आपल्यासारखीच मराठी बोलते गं, फक्त हेल वेगळा. तिच्या लहानपणी इथे भातशेती होती म्हणे."

"पण सांगून जायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

मी रडले, ओरडले. बहिणीने त्यांचा फोन दोरीने गळ्यातच अडकवला. त्यांनी निमूट अडकवू दिला.

प्लास्टर निघायच्या आधी आम्ही गेम संपवला. शेवटच्या दारामागे एक गच्ची होती, खाली धुकं, आणि ओळीने मांडलेल्या सगळ्या खुर्च्या. बस. माणसं कुठे गेली ते कळलंच नाही.

"एवढंच?" बाबा म्हणाले, आणि उठून बाहेर जायला शर्ट बदलू लागले. पुन्हा ते त्या स्टुलावर बसले नाहीत. आता रोज सकाळी चालायला जातात, आल्यावर नव्या गल्ल्यांची नावं सांगतात.

मी कामावर रुजू झाले. पाय बरा आहे, पण मन पूर्वीसारखं एका टेबलापाशी थांबत नाही. आमच्या कारखान्यामागे एक गंजका जिना आहे. बारा वर्षं मी तो बघत होते. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी तो चढले. अर्ध्यावर वॉचमन ओरडला, "मॅडम, वर काही नाही!"

"असू दे," म्हटलं, आणि कठडा धरून पुढची पायरी चढले.